अंडाशयातील गाठ आणि अपत्यप्राप्तीचा प्रश्न : शस्त्रक्रियेच्या इतिहासातील काही टप्पे

प्रस्तावना

अंडाशयात गाठ असल्याचे निदान झाले की रुग्ण स्त्री व तिचे कुटुंबीय यांच्यासमोर दोन प्रश्न उभे राहतात. गाठ कर्करोगाची तर नाही ना, हा एक. आणि पुढे मूल होईल ना, हा दुसरा. आपल्याकडे दुसरा प्रश्न पुष्कळदा आधी विचारला जातो आणि तो रुग्ण स्त्रीनेच विचारलेला असतो असेही नाही. वैद्यकाच्या इतिहासात मात्र या प्रश्नांचा क्रम नेहमी असा नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अंडाशयाच्या मोठ्या गाठीसंबंधी एकच प्रश्न संभवत होता : ही स्त्री जगेल काय? अपत्यप्राप्तीचा विचार त्यानंतर आला, आणि तो आला तेव्हा त्याच्याबरोबर आणखी एक प्रश्न आला. अंडाशय ठेवावयाचे की काढावयाचे, याचा निर्णय कोणी घ्यावयाचा?

प्रस्तुत निबंधात या शेवटच्या प्रश्नाचा मागोवा घेतला आहे. ही शस्त्रक्रिया प्रामुख्याने अमेरिका व इंग्लंड येथे विकसित झाली आणि भारतातील रुग्णालयांत ती तेथूनच आली. त्यामुळे विवेचनाचा मोठा भाग त्या देशांतील घटनांविषयी आहे. ‘सिस्ट’ म्हणजे द्रवाने भरलेली पिशवीसारखी गाठ. मराठी बोलीत तिला ‘पाण्याची गाठ’ म्हणतात व येथेही ‘गाठ’ हाच शब्द योजिला आहे.

गाठ की गर्भ?

पोटात वाढणारा गोळा आणि पोटात वाढणारा गर्भ यांतील फरक ओळखणे ही या इतिहासातील पहिली अडचण होय. भारतीय वैद्यकपरंपरेत ती फार पूर्वी नोंदली गेली आहे. चरकसंहितेत ‘रक्तगुल्म’ या स्त्रियांच्या विकाराचे वर्णन आहे. त्यात पाळी थांबते, पोटात पिंड वाढतो, गर्भिणीची लक्षणे दिसतात. म्हणून या विकारावर दहावा महिना उलटून गेल्यानंतरच उपचार करावेत, असा तेथील निर्देश आहे. रक्तगुल्म म्हणजे आजच्या परिभाषेतील अंडाशयाची गाठच, असे समीकरण मांडणे धाडसाचे ठरेल. त्या एका नावाखाली अनेक विकार येत असावेत. परंतु निर्देशामागील विवेक स्पष्ट आहे. चूक होणारच असेल तर ती गर्भाच्या जिवावर बेतू नये, अशी ही व्यवस्था होती.

सन १८०९ च्या डिसेंबरात अमेरिकेतील केंटकी प्रांतात हीच शंका उपस्थित झाली. ग्रीन्सबर्गजवळ राहणाऱ्या जेन टॉड क्रॉफर्ड या सेहेचाळीस वर्षांच्या स्त्रीचे पोट एवढे वाढले होते की दिवस भरून गेलेली गर्भवती म्हणून तिच्यावर उपचार करणाऱ्यांनी डॉ. एफ्रेम मॅक्डॉवेल यास बोलाविले. तपासणीअंती गर्भाशय रिकामे असून गाठ अंडाशयाची आहे, असा निष्कर्ष त्याने काढला. त्या काळी पोट उघडणे म्हणजे मृत्यूला आमंत्रण, असे शल्यविशारदांचे एकमत होते. एवढी मोठी गाठ काढल्याचे आपण कधी पाहिलेले नाही, हा केवळ एक प्रयोग ठरेल, असे मॅक्डॉवेलने तिला सांगितले. तिने संमती दिली. गाठीचा भार खोगिराच्या पुढील उंचवट्यावर टेकवून सुमारे साठ मैलांचे अंतर तिने घोड्यावरून कापले आणि ती डॅनव्हिल येथे त्याच्या घरी पोहोचली.

गुंगीचे औषध उपलब्ध नव्हते. ईथरचा वापर १८४६ मध्ये सुरू झाला. शस्त्रक्रिया पंचवीस मिनिटे चालली व त्या अवधीत रुग्ण स्त्री बायबलमधील स्तोत्रे म्हणत होती, असे सांगितले जाते. गाठीतील पंधरा पौंड चिकट द्रव आणि साडेसात पौंडांची पिशवी मिळून साडेबावीस पौंड, म्हणजे सुमारे दहा किलो वजन बाहेर निघाले. पाचव्या दिवशी मॅक्डॉवेल पाहावयास गेला तेव्हा ती स्वतःचे अंथरूण आवरीत होती. पंचवीस दिवसांनी ती घरी परतली आणि पुढे १८४२ पर्यंत जगली.

या घटनेचे वर्णन बहुधा शल्यविशारदाच्या धैर्याची कथा म्हणून केले जाते. त्या मानाने घोड्यावरून आलेल्या स्त्रीच्या धैर्याची दखल कमी घेतली गेली. आणखी एक बाब उपेक्षित राहते. मॅक्डॉवेलने १८१७ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका वैद्यकीय नियतकालिकात तीन रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांतील उर्वरित दोघी कृष्णवर्णीय स्त्रिया होत्या. केंटकी हा गुलामगिरीचा प्रांत होता. क्रॉफर्डला धोका सांगून तिची तयारी अजमाविल्याचे तो लिहितो. या दोघींच्या बाबतीत तशा संभाषणाची नोंद आढळत नाही. निर्णय कोणाचा, हा प्रश्न अशा रीतीने पहिल्याच अहवालात दडलेला आहे.

जगण्याचे गणित

मॅक्डॉवेलच्या अहवालावर लंडनमध्ये अविश्वास व्यक्त झाला आणि पुढील तीन-चार दशके ही शस्त्रक्रिया तुरळकच होत राहिली. मँचेस्टर येथे चार्ल्स क्ले याने १८४२ पासून ती सातत्याने केली. परंतु तिला प्रतिष्ठा मिळवून दिली ती लंडनच्या समॅरिटन फ्री हॉस्पिटलमधील थॉमस स्पेन्सर वेल्स याने. १८५८ ते १८८० या काळात त्याने अशा एक हजार शस्त्रक्रिया पूर्ण केल्या. त्याची पद्धत त्या काळास अनोखी होती. यशाबरोबर प्रत्येक मृत्यूचीही नोंद तो प्रसिद्ध करीत असे. पहिल्या शंभर रुग्णांपैकी ३४ दगावल्या. दहाव्या शंभरांत ही संख्या ११ वर आली.

मृत्यूचे प्रमाण असे उतरू लागल्यावर ‘नंतर काय’ हा प्रश्न विचारणे प्रथमच शक्य झाले. दुसरे अंडाशय निरोगी दिसल्यास ते राहू द्यावयाचे, आणि अशा अनेक स्त्रियांना पुढे मुले झाली. स्वतः वेल्सनेही आपल्या रुग्णांच्या पुढील आयुष्याची माहिती ठेवली होती. एका अंडाशयावर गर्भधारणा होऊ शकते, ही आज सामान्य वाटणारी गोष्ट सिद्धान्ताने नव्हे, तर या स्त्रियांच्या आयुष्यांनी प्रस्थापित केली. दोन्ही अंडाशये गेल्यास काय होते, याचेही एक उदाहरण वैद्यकाला ठाऊक होते. पर्सिव्हल पॉट या लंडनच्या शल्यविशारदाने १७७५ मध्ये तेवीस वर्षांच्या एका मोलकरणीची हकीकत दिली होती. हर्नियातून बाहेर आलेली तिची दोन्ही अंडाशये काढल्यावर तिची पाळी कायमची थांबली व शरीर बदलले. असे का व्हावे, हे कळण्यास विसावे शतक उजाडावे लागले. अंडाशयातील इस्ट्रोन हे संप्रेरक शुद्ध स्वरूपात मिळाले ते १९२९ मध्ये.

निरोगी अंडाशयांचे छेदन आणि न्यायालय

शस्त्रक्रिया सुरक्षित झाली याचा परिणाम विपरीतही झाला. १८७२ च्या जुलै-ऑगस्टमध्ये जर्मनीत आल्फ्रेड हेगार, इंग्लंडमध्ये लॉसन टेट आणि अमेरिकेतील जॉर्जिया प्रांतात रॉबर्ट बॅटी या तिघांनी, काही आठवड्यांच्या अंतराने, मोठी गाठ नसतानाही अंडाशये काढली. वेदना, पाळीच्या वेळचे झटके, ‘उन्माद’ अशा तक्रारींवर हा उपाय सुचविला जाऊ लागला आणि ‘बॅटीची शस्त्रक्रिया’ या नावाने तो पसरला. शेकडो स्त्रियांची अंडाशये अशी काढली गेली. पैकी अनेक तरुण होत्या. स्पेन्सर वेल्सने १८८६ मध्ये या प्रथेवर कठोर टीका केली. पुरुषांच्या मानसिक विकारांवर तत्सम उपाय कोणी सुचविला असता तर काय झाले असते, असा त्याचा रोख होता. ज्याने ही शस्त्रक्रिया घराघरांत पोहोचविली त्यानेच तिच्या अतिरेकाविरुद्ध लिहावे, हे लक्षणीय आहे.

त्याच वर्षी लिव्हरपूलच्या स्त्रियांच्या रुग्णालयात वाद उद्भवला. फ्रान्सिस इम्लाक हा तेथील शल्यविशारद फार मोठ्या संख्येने अंडाशये व गर्भनलिका काढीत आहे आणि परिणामांची कल्पना रुग्णांना दिली जात नाही, अशी तक्रार झाली. चौकशी बसली, एका रुग्ण स्त्रीने दावाही केला. न्यायालयात इम्लाक निर्दोष ठरला, परंतु रुग्णालयातील पद त्याला पुन्हा मिळाले नाही. या वादात स्त्रीचे ‘स्त्रीत्व हिरावले’ अशी भाषा सर्रास वापरली गेली. त्या भाषेत सहानुभूती होती, तसाच एक पूर्वग्रहही होता : अपत्यक्षमता गेली म्हणजे स्त्री म्हणून काही उरत नाही, हा. संमती घेतली होती काय, हा साधा प्रश्न त्या गदारोळात मागे पडला.

तो प्रश्न नेमकेपणाने पुढे आला तो लंडनच्या न्यायालयात, १८९६ मध्ये. ‘बीटी विरुद्ध कलिंगवर्थ’ हा तो खटला. फिर्यादी स्वतः प्रशिक्षित परिचारिका होती व तिचा विवाह ठरला होता. सेंट थॉमस रुग्णालयातील ख्यातनाम स्त्रीरोगतज्ज्ञ चार्ल्स कलिंगवर्थ तिच्यावर शस्त्रक्रिया करणार होता. एक अंडाशय रोगग्रस्त असल्यास ते काढण्यास तिची हरकत नव्हती. मात्र दोन्ही रोगग्रस्त आढळल्यास एकही काढू नये, असे तिने शस्त्रक्रियेपूर्वी त्यास बजावले होते. ते आपल्यावर सोपवावे, अशा आशयाचे उत्तर तिला मिळाले आणि भूल देण्यात आली. दोन्ही अंडाशये रोगग्रस्त आढळली. कलिंगवर्थने दोन्ही काढली. शुद्धीवर आल्यावर तिला हे समजले. तिने ठरलेला विवाह मोडला आणि दावा दाखल केला.

निकाल डॉक्टरच्या बाजूने लागला. ती शस्त्रक्रियेच्या टेबलावर गेली यातच तिची मूक संमती होती, असा न्यायालयीन विचाराचा सारांश होता. वैद्यकीय व्यवसायाने या निकालाचे स्वागत केले. कलिंगवर्थचा हेतू वाईट होता असे मानण्यास आधार नाही. रोगग्रस्त अंडाशय मागे ठेवणे हे त्याच्या दृष्टीने कर्तव्यात कसूर करणे होते आणि पुन्हा पोट उघडण्याचा धोका त्या काळी खराच होता. तथापि परिचारिका असल्याने हा धोका त्या स्त्रीसही अपरिचित नव्हता. रोगासह जगण्याचा पर्याय तिने समजूनउमजून निवडला होता. अपत्यप्राप्तीच्या आशेचे मोल किती, हे ठरविण्याचा अधिकार तिच्याकडे नाही, असे या निकालाने सांगितले.

अंडाशय राखण्याचा विचार

निकालाने जे घडले नाही ते काही अंशी शस्त्रकौशल्याने घडवून आणले. गाठ काढावयाची म्हणजे अंडाशयच काढावयाचे, ही समजूत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ढळली. याचे बरेचसे श्रेय लंडनच्या व्हिक्टर बॉनी (१८७२-१९५३) या शल्यविशारदास जाते. गाठीचे आवरण सोलून काढून उरलेली अंडाशयाची ऊती शिवून ठेवता येते, ती कितीही थोडी असली तरी काम करू शकते, असे त्याचे प्रतिपादन होते. गर्भाशयातील गाठींबाबतही गर्भाशय राखण्याचा आग्रह त्याने आयुष्यभर धरला. या दोन्ही शस्त्रक्रियांवरील त्याचा ग्रंथ १९४६ मध्ये प्रसिद्ध झाला. बॉनीच्या पत्नीचे गर्भाशय तरुणपणीच गाठींमुळे काढावे लागले होते आणि हे दांपत्य निपुत्रिक राहिले, हे त्याच्या चरित्रकारांनी नोंदविले आहे. त्याच्या आग्रहामागे हा अनुभव असावा, असा तर्क केला जातो व तो अग्राह्य वाटत नाही.

गाठी नसलेल्या गाठी

इतिहासाचा दुसरा प्रवाह मोठ्या गाठीचा नसून लहान-लहान पुटिकांचा आहे आणि आज ज्या चिंतेने तरुण स्त्रिया व त्यांचे पालक दवाखान्यात येतात ती बहुतांशी याच प्रवाहातून आली आहे. अंडाशयात द्रवाने भरलेले बारीक फुगे असतात, हे व्हेसेलियसच्या काळापासून शरीररचनाशास्त्रज्ञांनी पाहिले होते. डच वैद्य रेनिए द ग्राफ याने १६७२ मध्ये त्यांचा संबंध स्त्रीबीजाशी जोडला. त्या फुग्यांनाच तो बीजे समजला. प्रत्यक्ष बीज कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर यास १८२७ मध्ये दिसले. हे फुगे म्हणजे बीज वाढविणारी पुटके आणि ती निरोगी अंडाशयाची खूण होत, हे तेव्हापासून स्पष्ट आहे. तरीही फुगा दिसला की रोग दिसला, ही सवय सुटली नाही. इटालियन वैद्य व्हॅलिस्नेरी याने १७२१ मध्ये एका तरुण, स्थूल, विवाहित व अपत्यहीन शेतकरी स्त्रीच्या अंडाशयांचे वर्णन केले. ती मोठी, पांढुरकी, चकचकीत व उंचसखल, कबुतराच्या अंड्यांएवढी होती. वंध्यत्व आणि असे अंडाशय यांचा एकत्रित उल्लेख तेथे आढळतो.

या संबंधाला नाव मिळाले ते शिकागोत. आयर्विंग स्टाईन व मायकेल लेव्हेंथल यांनी १९३५ मध्ये सात स्त्रियांची माहिती प्रसिद्ध केली. या स्त्रियांची पाळी बंद वा अत्यंत अनियमित होती आणि अंडाशये अनेक पुटिकांनी भरलेली होती. निदानासाठी अंडाशयाचा तुकडा काढल्यावर काहींची पाळी आपोआप सुरू झाल्याचे त्यांना आढळले होते. त्यावरून त्यांनी प्रत्येक अंडाशयाचा अर्ध्याहून अधिक भाग पाचरीच्या आकारात कापून काढण्याचा उपचार योजला. सातही स्त्रियांची पाळी सुरू झाली, दोघींना गर्भ राहिला. जे अंडाशय मागील शतकात स्त्रीच्या ‘उन्मादा’साठी कापले गेले, ते आता तिला मूल व्हावे म्हणून कापले जाऊ लागले.

पाचरछेद पुढील तीन दशके जगभर प्रचलित राहिला. त्यात एक विरोधाभास होता. छेदानंतर अंडाशय व गर्भनलिका आजूबाजूच्या भागांना चिकटत आणि त्यामुळेच काहींना वंध्यत्व येई. रॉबर्ट ग्रीनब्लॅट व त्याच्या सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये क्लोमिफेन या औषधाने बीजोत्सर्ग घडविता येतो हे दाखविले आणि सुरी हळूहळू मागे पडली. विकाराचे मूळ अंडाशयाच्या जाड आवरणात नसून संप्रेरकांच्या असंतुलनात आहे, हे ध्यानी येत गेले. १९८० मध्ये त्याचा इन्शुलिनशीही संबंध दिसला. ‘सिस्ट’ म्हणून मोजल्या गेलेल्या पुटिका या वस्तुतः अर्ध्यावर वाढ थांबलेली बीजपुटके होत. त्या काढून टाकण्याजोग्या गाठी नव्हत्याच.

दरम्यान अंडाशय पाहण्याचे साधन बदलले. ग्लासगोच्या इयन डोनाल्ड याने सहकाऱ्यांसह १९५८ मध्ये पोटातील गोळ्यांच्या ध्वनिलहरींद्वारे तपासणीविषयी लेख प्रसिद्ध केला. जठराच्या असाध्य कर्करोगाने आसन्नमरण मानलेल्या एका स्त्रीच्या पोटात प्रत्यक्षात अंडाशयाची प्रचंड गाठ आहे, हे या यंत्राने दाखविले. गाठ काढली गेली व ती बरी झाली. क्रॉफर्डच्या कहाणीचे हे दीडशे वर्षांनंतरचे रूप म्हणता येईल. परंतु सोनोग्राफी स्वस्त व सार्वत्रिक होताच जे कधी दिसत नव्हते तेही दिसू लागले. स्वतःस निरोगी समजणाऱ्या स्त्रियांपैकी सुमारे एक-पंचमांश स्त्रियांच्या अंडाशयांत अनेक पुटिका आढळतात, असे १९८८ मध्ये ‘लॅन्सेट’मधील एका अभ्यासाने दाखविले. रॉटरडॅम येथे २००३ मध्ये ठरलेल्या निकषांनुसार सोनोग्राफीतील चित्र हे तीनपैकी केवळ एक लक्षण होय. अनियमित पाळी व पुरुषी संप्रेरकांचे आधिक्य ही अन्य दोन, आणि निदानासाठी तीनपैकी दोन आवश्यक. तेव्हा बारा पुटिकांची अट होती. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने ती वीसवर नेली. रुग्ण तीच, अंडाशय तेच, मात्र मोजणीची अट बदलल्याने ‘रोग’ नाहीसा व्हावा, अशी ही स्थिती. नावातील ‘सिस्ट’ हा शब्द दिशाभूल करणारा असल्याने नाव बदलावे, अशी शिफारस अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञगटाने २०१२ मध्ये केली.

मराठी मध्यमवर्गात ‘पीसीओडी’ हे आद्याक्षरी नाव घरोघर पोहोचले आहे. त्याचा अर्थ ‘मूल होणार नाही’ असा घेतला जातो व लग्नाच्या बोलण्यांत तो लपविलाही जातो. वस्तुतः या विकारात बीजे नष्ट होत नाहीत, ती नियमित बाहेर पडत नाहीत. आणि बहुसंख्य स्त्रियांना, काहींना औषधांच्या साहाय्याने, गर्भधारणा होते. साधी, एकच, पाळीच्या चक्रातून उद्भवलेली गाठ तर बहुधा दोन-तीन महिन्यांत आपोआप विरते.

छेदाचे मोल आणि संमती

एका प्रकारच्या गाठीबाबत मात्र अपत्यप्राप्तीची चिंता साधार आहे. अमेरिकेतील ऑल्बनी येथील जॉन सॅम्पसन याने १९२१ मध्ये अंडाशयातील ‘चॉकलेट’ गाठींचे वर्णन केले. गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती अंडाशयात रुजून तेथे जुने, दाट, तपकिरी रक्त साठते, त्यावरून हे नाव पडले. या विकाराला एंडोमेट्रिऑसिस म्हणतात. गर्भ राहावा म्हणून अशा गाठी दुर्बिणीद्वारे काढण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाली. पुढे असे आढळले की गाठीचे आवरण सोलताना त्याला चिकटलेली निरोगी ऊतीही जाते आणि उरलेल्या बीजांचा साठा घटतो. युरोपीय तज्ज्ञसंघटनेने २०२२ मध्ये, नलिकाबाह्य गर्भधारणेच्या उपचारापूर्वी केवळ यश वाढावे म्हणून अशी शस्त्रक्रिया सरसकट करू नये, असे सुचविले. वेदना कमी करावयाच्या की बीजे राखावयाची, अशी निवड येथे करावी लागते, आणि ती दोन स्त्रियांची सारखी असेलच असे नाही.

याच विकाराच्या एका रुग्ण स्त्रीचे प्रकरण भारताच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आले. दिल्लीतील ४४ वर्षांची ही अविवाहित स्त्री १९९५ मध्ये दुर्बिणीद्वारे तपासणीसाठी दाखल झाली होती. ती भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेण्यात आली आणि गर्भाशय, दोन्ही गर्भनलिका व दोन्ही अंडाशये काढण्यात आली. उपचार वैद्यकीयदृष्ट्या योग्य होता, असा डॉक्टरचा बचाव होता. न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी निर्णय दिला. तपासणीस दिलेली संमती ही उपचारास दिलेली संमती नव्हे. सज्ञान स्त्री केवळ काही काळ बेशुद्ध आहे म्हणून आईस तिच्या वतीने संमती देता येत नाही. जिवाला तातडीचा धोका नसेल तर ती शुद्धीवर येईपर्यंत थांबावयास हवे होते. नुकसानभरपाई पंचवीस हजार रुपये ठरली.